मालकांना विचारून सांगते

पोस्ट लांब आहे. पण आपल्याच भागातली आहे, त्यामुळं सवडीनं का होईना, वाचा.

लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीची १८ नोव्हेंबरची मुदत संपायला तीन-चार दिवस राहिले होते, तेव्हाची गोष्ट. मी एका सेतू केंद्रात बातमीसाठी गेलो होतो. गर्दी, सर्व्हर डाऊन, महिलांचे हाल, असा नेहमीचा मजकूर डोक्यात तयारच होता. फोटोही काढून झाला होता. निघणार तेवढ्यात रांगेत माझ्या एका शाळासोबत्याची बायको दिसली. मित्र गलाईच्या धंद्यात, केरळमध्ये त्रिशूरला. वहिनी इथं गावात. आटपाडीपासून दहा-बारा किलोमीटरवर त्यांचं गाव.

"भावजी, जरा थांबा की," वहिनी म्हणाल्या. थांबलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या ई-केवायसीत आधी बाईनं स्वतःचा आधार नंबर टाकायचा, स्वतःच्या मोबाईलवर ओटीपी घ्यायचा. ते झालं की नवऱ्याचा, लग्न झालेलं नसेल तर वडिलांचा आधार नंबर टाकायचा. त्याचा ओटीपी जातो त्याच्या मोबाईलवर. वहिनींचा पहिला टप्पा दोन मिनिटांत झाला. दुसऱ्या टप्प्याला नवऱ्याचा मोबाईल हजारेक किलोमीटरवर. दहा मिनिटांत आकडे टाकले नाहीत की ओटीपी शिळा.

पहिल्यांदा फोन उचललाच नाही. भट्टी चालू असली की फोन गल्ल्यात असतो. दुसऱ्यांदा उचलला, तर ओटीपी आला नाही. आला तेव्हा इकडं पान बंद पडलेलं. तिसऱ्यांदा आला, पण मागं ब्लोअरचा आवाज. तो म्हणतोय सात, इकडं ऐकू येतंय साठ. शेवटी सेतूवाल्या पोरानं फोन हातात घेतला आणि "दाजी, इंग्लिशमधी सांगा" म्हणून ओरडून ओरडून सहा आकडे घेतले. झालं. एक तास चाळीस मिनिटं. मागं उभ्या असलेल्या बायकांनी जत्रेत पाळणा थांबल्यावर सोडावा तसा श्वास सोडला, कारण त्यातल्या निम्म्यांचे नवरे असेच कुठं कुठं होते.

(आणि दोनच दिवसांनी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. असो.)

बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं, "भावजी, पैसं मला, खातं माझं. मंग ह्यांचा नंबर कशाला लागतोय?"

मी पत्रकारी उत्तर दिलं. म्हटलं, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत आहे का ते तपासायचं असतं.

त्या हसल्या. "मंग उत्पन्नाचं तर मलाच इचारायचं की. त्यास्नी कुठं ठावं हाय!"

हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून बातमी दिली ती दिलीच, आणि हे वेगळं लिहायला घेतलं.

गलाईबद्दल आपल्या भागात कुणाला सांगायला नको, पण ही पोस्ट बाहेरचेही वाचतात. खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण इकडची माणसं पिढ्यान् पिढ्या देशभरच्या सराफ पेठांत सोनं-चांदी गाळायचं काम करतात. सराफाकडचं जुनं, भेसळीचं सोनं वितळवायचं, तेजाबात टाकून शुद्ध करायचं, टंच काढून द्यायचा. एखाद्या गाळ्यात भट्टी, मूस, चिमटे आणि वर माळ्यावर झोपायची जागा. विट्याचा माणूस भेटला नाही असं सराफांचं गाव देशात सापडणं मुश्कील. यात काही घरं कोट्यवधींची झाली. गावात त्यांचे बंगले आहेत, देवळांना त्यांच्या देणग्या आहेत. पण प्रत्येक मालकामागं दुसऱ्याच्या दुकानात पगारावर असलेले गडी किती असतात ते बंगल्याकडं बघून कळत नाही. माझा मित्र त्यातला. सतराव्या वर्षी गेला. आधी पंजाबात होता, गेली चौदा वर्षं त्रिशूरला.

माणदेश बाहेरच्यांना माडगूळकरांमुळं माहीत. दुष्काळ पडला की माणसं गाव सोडून जायची. आता टेंभूचं पाणी आलं. नागनाथअण्णांच्या पाणी परिषदांपासूनची ती लढाई आहे, आमच्या पिढीनं ती लहानपणापासून ऐकली. पाणी आलं, डाळिंबं वाढली, तरी गेलेली माणसं परत आली नाहीत. दुकानं तिकडं, देणी-घेणी तिकडं. मग पाणी आल्यावर हे रान हिरवं केलं कुणी? हा प्रश्न मी पंचवीस वर्षांच्या पत्रकारितेत एकदाही विचारला नव्हता, हे कबूल करतो.

वहिनींचं लग्न होऊन सतरा वर्षं झाली. त्यातले आठ महिने त्या त्रिशूरला होत्या. मोठी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. इकडं सासूचा खुबा मोडला, आणि त्या आल्या त्या आल्याच. आता मुलगी दहावीला, मुलगा सहावीला. सासऱ्यांना साखर आहे, इन्सुलिन वहिनीच टोचतात. सासू काठी धरून अंगणापर्यंत येते. अडीच एकर डाळिंब, एक गाय, चार शेळ्या.

लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली की बाराला उठून बॅटरी घेऊन मोटरीवर जायचं. एकटीनं जायचं नाही, गावाला दिसलं की बोलणं होतं. म्हणून सहावीतल्या पोराला झोपेतून उठवून बरोबर न्यायचं. तो पोरगा बांधावर पोत्यावर झोपतो आणि सकाळी शाळेत पेंगतो. मास्तरांनी चिठ्ठी पाठवली, मुलगा वर्गात झोपतो म्हणून. चिठ्ठी म्हणजे व्हॉट्सअॅप मेसेज, आणि तो गेला त्रिशूरला. प्रवेशाच्या वेळी "पालकाचा नंबर" म्हणून बापाचा दिलेला. बापानं तो रात्री दुकान बंद केल्यावर वाचला आणि व्हिडिओ कॉलवर पोराला झापलं. पोरगा का झोपतो हे बापाला माहीत नव्हतं. वहिनींनी सांगितलंही नाही.

"का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सांगितलं आस्तं तर म्हणालं आस्तं, ऱ्हाऊ दे ती बाग, काढून टाक. दोन वरीस झालं त्येच चाललंय."

रोज रात्री साडेनऊला कॉल असतो. त्या कॉलमध्ये काय सांगायचं आणि काय नाही हे वहिनींचं ठरलेलं. सासऱ्यांची साखर वाढली, सांगायचं नाही. उतरली की मग सांगायचं. गाय व्याली, लगेच सांगायचं, कॅमेऱ्यात वासरू दाखवायचं. भावकीतल्यानं बांध कोरला, सांगायचं नाही, कारण तो तिकडून फोनवर शिव्या देणार आणि इकडं भांडण निस्तरायचं वहिनींनी. मुलीला मासिक पाळी आली तेव्हा सांगितलं नाही. तिला कळलं की वडील आता पूर्वीसारखं जवळ घेऊन बसत नाहीत, तेव्हा दोन वर्षांनी सांगितलं. मित्राला वाटतं घरचं सगळं त्याला कळतं. तोही तिकडचं सगळं सांगत नसणारच. तेजाबाच्या वाफेनं त्याला खोकला लागतो हे मला माहीत आहे, वहिनींना आहे का ते मी विचारलं नाही.

आता डाळिंबाचा सौदा कसा होतो ते सांगतो. हे मी स्वतः पाहिलं.

व्यापारी बागेत आला. फळ फिरून बघितलं. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, तेल्यानं बागा गेल्या, वहिनींची वाचली. मृग बहार, फळ चांगलं. व्यापाऱ्यानं दर सांगितला. वहिनी म्हणाल्या, "मालकास्नी इचारून सांगते." घरात गेल्या. मी पडवीत बसलो होतो, आत सगळं दिसत होतं. फोन देव्हाऱ्याच्या कोनाड्यात होता, तिथंच राहिला. वहिनींनी माठातलं पाणी घेतलं, सावकाश प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "आमचं मालक म्हंतेत, एकशे दहाच्या खाली द्यायचं न्हाई."

व्यापारी म्हणाला, "मालकाला समजावून सांगा की वहिनी, बाजार पडलाय."

पुन्हा आत. पुन्हा पाणी. "न्हाई म्हंतेत."

एकशे पाचला ठरलं. रोख विसार.

व्यापारी गेल्यावर मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी म्हणलं तर ती घासाघीस करतंय दिवसभर. बाईच्या शब्दाला तोंड फुटतंय. मालक म्हणलं की गप बसतंय." खतांच्या दुकानात, ट्रॅक्टरवाल्याला, मजुरांच्या टोळीला, भावकीला, सगळीकडं हेच हत्यार. तो माणूस त्रिशूरला भट्टीपुढं उभा आहे, आणि इकडं गावात त्याच्या नावानं हजारो निर्णय होतात. त्यातले बरेचसे त्याला नंतर कळतात, काही कळतही नाहीत.

आता माझी चूक.

चार वर्षांपूर्वी मी याच बागेची बातमी केली होती. "गलाई व्यावसायिकाने फुलवली डाळिंब बाग", पुरवणीत पाऊण पान, चौकटीत मित्राचा फोटो, हातात भगवा वाणाचं फळ. तो तेव्हा यात्रेला म्हणून दहा दिवस आला होता. मी पडवीत बसून मुलाखत घेतली. बहार कधी धरला? तो आत बघून विचारायचा, "कधी गं?" आतून आवाज यायचा. छाटणी? "कधी गं?" फवारण्या किती? "किती गं झाल्या?" पाण्याचा ताण किती दिवस दिला, पानगळीला काय मारलं, खर्च किती, टन किती निघाला. प्रत्येक प्रश्न आत जायचा आणि उत्तर बाहेर यायचं. आतून चहाही आला. मी सगळे आकडे लिहून घेतले आणि त्याच्या तोंडी घातले. "ते सांगतात की". "त्यांच्या मते". शेवटी एक ओळ होती, "त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली." नाव नव्हतं. विचारलंच नव्हतं मी.

डिप्लोमाला आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, माहिती कुणी दिली ते लिहा. सोर्स. मंत्रालयातल्या बातमीला मी सोर्स सांभाळला असता. पडवीतल्या बातमीला नाही.

परवा वहिनींच्या घरी गेलो तर ते कात्रण अजून आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, देव्हाऱ्याखालच्या कपाटात, घरपट्टीच्या पावत्यांसोबत. मला वाटलं टोमणा मारतील. तर म्हणाल्या, "ह्यांचा फोटो लई झ्याक आलाय त्यात." मला त्या वेळी टोमणा परवडला असता.

कागदाचं असं आहे. ई-पीक पाहणीचं अॅप वहिनींच्या फोनवर. बांधावर उभं राहून फोटो त्या काढतात. खातेदार नवरा. अतिवृष्टीचा पंचनामा करायला कर्मचारी आले, बागेतून त्यांना फिरवलं वहिनींनी, आणि सहीच्या वेळी प्रश्न आला, "मालक कुठायत?" ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक काढायचा, ज्याच्या नावावर जमीन त्याचाच. पीएम किसानचे दोन हजार त्याच्याच खात्यावर. म्हणजे शेत वहिनी करतात आणि सरकारदरबारी शेतकरी त्रिशूरला आहे.

रेशन कार्डाचं मात्र उलटं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तरतूद आहे की घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरायची. चांगली तरतूद आहे. पण या घरातली मोठी स्त्री सासू. त्यामुळं कार्डावर सासू, सातबाऱ्यावर नवरा. दोन्हीच्या मध्ये वहिनी. त्यांच्या नावावर काय आहे म्हणाल तर बचत गटाचं कर्ज. आणि ते पंधराशे.

त्या पंधराशेवरून शहरातले लोक काय काय लिहितात ते मी वाचतो. फुकट्या, मतांची खरेदी वगैरे. योजनेच्या हेतूबद्दल, तिजोरीवरच्या भाराबद्दल मलाही प्रश्न आहेत आणि ते मी इथंच अनेकदा मांडलेत. पण ऑगस्ट २०२४ मध्ये पहिले तीन हजार आले तेव्हा वहिनींनी काय केलं ते विचारा. बॅटरीवरचा फवारणी पंप घ्यायला सुरुवात केली त्यांनी, उरलेले गटातून उचलून. पाठीवरचा हातपंप मारून खांदा धरला होता. हा पंप घ्यायला त्यांनी मालकांना विचारलं नाही. खोटं खोटंही विचारलं नाही. दुकानदाराला म्हणाल्या, "द्या." आणि आता त्याच पैशाला मालकांचा ओटीपी.

नवरा कमावतो, पैसे पाठवतो, हे खोटं नाही. तो काही तिकडं मजा करत नाही. माझा मित्र आहे, मला माहीत आहे तो कसा राहतो. सराफ पेठेला सणासुदीलाच काम जास्त, त्यामुळं दिवाळीला येणं होईलच असं नाही. पोरांचे वाढदिवस फोनवर. बाप गेलाच तर खांदा द्यायला पोचेन का, हे त्यानं मला एकदा रात्री विचारलं होतं. दोघंही ओढताहेत. फक्त एकाचं ओढणं कागदावर दिसतं.

मी वहिनींना लक्ष्मी मुक्ती योजनेचं सांगितलं. १९९२ पासून आहे ही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं गावोगाव मोहीम चालवली होती, त्यातून आली. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तीस वर्षांहून जास्त झाली. आपल्या भागात किती जणांनी केलंय? ओळखीत असेल कुणी तर सांगा, मला भेटायचंय. आपल्याकडं सुनेचं नाव सातबाऱ्यावर चढतं ते बहुतेक वेळा वारस नोंदीनं. म्हणजे नवरा गेल्यावर.

वहिनी म्हणाल्या, "मी कशी काढू ही गोष्ट? आत्यास्नी वाटंल, हिला वाटणी पायजे."

मग मीच मित्राला फोन केला. रात्री दहाला. हवापाण्याचं बोललो, सौद्याचं बोललो (एकशे पाच हे त्याला कळलं होतं, आपणच सांगितलं असं तो म्हणाला नाही, हे त्याचं मोठेपण). मग विषय काढला. तो थोडा वेळ गप्प. मागं कुणीतरी शटर ओढल्याचा आवाज आला.

"का रं," तो म्हणाला, "मी काय मरायलोय का?"

मी म्हटलं, तसं नाही. त्यानं विषय बदलला. फोन ठेवताना मात्र म्हणाला, "कागदं काय काय लागत्यात ते पाठव. बघू." बघू म्हणजे काय ते आपल्याला माहीतच आहे. तरी मी पाठवली.

हे सगळं लिहिताना माझी बायको मागं उभी राहून वाचत होती. मी रोज संध्याकाळी घरी येणारा नवरा, त्यामुळं मला वाटत होतं हा विषय दुसऱ्यांच्या घरातला. ती म्हणाली, "आपल्या घराचा उतारा कुणाच्या नावावर आहे?" मी म्हटलं, माझ्या. ती म्हणाली, "लिही मग तेही." लिहिलं. सोमवारी मी अर्ज घेऊन जाणार आहे, झालं की इथं टाकतो. नाही टाकलं तर आठवण करा.

पोस्ट टाकण्याआधी वहिनींना वाचून दाखवली. पोराला रात्री उठवण्याचं काढा म्हणाल्या, मग म्हणाल्या, असू द्या, त्यास्नी कळू दे. फक्त नाव घालायचं नाही आणि फोटो घालायचा नाही. मी म्हटलं, मागच्या वेळी नाव नव्हतं म्हणून तर हे सगळं लिहितोय. त्या म्हणाल्या, "ह्यांनी आधी वाचू द्या. मंग बघू नावाचं." म्हणून सोबत फोटो फक्त डाळिंबाचा आहे.

त्रिशूर, कोइमतूर, दिल्ली, अमृतसर, कोलकाता, जिथं कुठं आपल्या भागातले हे वाचत असतील त्यांना एकच विनंती. दिवसा फोन गल्ल्यात टाकू नका, खिशात ठेवा. घरून फोन आला तर ब्लोअरपासून लांब जाऊन बोला. आणि आकडे एकेक करून, सावकाश सांगा.